मॅकरोनी, कडक भाकरी आणि चंद्रीचं दूध

म्हाळसाबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कडक भाकऱ्या करून विकणारी: माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार या बाईचे आहेत. हे मी आजवर दोनदा भाषणात म्हटलं आहे आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांना वाटलं, मी शिकत असताना तिनं ठेवून घेतलं, जेवू घातलं, म्हणून हा असं म्हणतो. ठेवून घेतलं, जेवू घातलं, हे खरंच आहे. पण मी ज्या उपकाराबद्दल बोलतो तो वेगळा. तिनं माझ्यासाठी एकदा दूध फाडलं. ज्यांच्या घरी आठवड्याला पनीर होतं त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. शिवाय 'फाडलं' हा शब्द तिला स्वतःला चालला नसता. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश लिहितो.

आमच्याकडे आत्याला आत्ती म्हणतात. आत्तीचं घर म्हणजे बोळाच्या टोकाला दोन खोल्या, पुढं शहाबादी फरशीचं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशाखाली चंद्री. चंद्री ही शेळी. अंगानं काळी, कपाळावर पांढरी कोर, आणि स्वभावानं आत्तीसारखीच, म्हणजे कुणाचं ऐकून न घेणारी. आम्ही धनगर माणसं. वडील, आमचे अण्णा, सांगोल्याच्या बाजूला माळावर मेंढरं राखायचे. नवरा गेल्यावर आत्तीनं गावाकडं परत न येता शहरातच भाकरीवर पोट भरायचं ठरवलं, तेव्हा वडिलांनी चंद्रीची आई तिच्या दारात आणून बांधली आणि म्हणाले, "ही माहेर म्हणून ठिव." त्यामुळे त्या घरात चंद्री ही शेळी कमी आणि माहेरचं माणूस जास्त होती. बोळातून येणारी-जाणारी माणसं आधी चंद्रीला विचारायची, "काय गं, हाय का म्हाळसाबाई घरात?" आणि मग दार वाजवायची.

त्या घराचे आवाज मला अजून सांगता येतात. पहाटे जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. ओल्या पिठावर तळहाताची थाप, बांगड्यांचा किणकिणाट, मग भाकरी तव्यावर पडल्याचा चर्र आवाज. भाजून झालेल्या भाकऱ्या आत्ती मंद धगीभोवती उभ्या करून ठेवायची, त्या तासन्‌तास वाळून पापडासारख्या व्हायच्या. टिचकी मारली की वाजायच्या. नीट वाजली नाही तर ती भाकरी परत धगीला. दुपारी उखळात शेंगा चटणी कुटली जायची. शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत मुसळाचा आवाज कोरडा असतो, तेल सुटलं की तो दबका होतो, आणि त्या बदलावरून आत्ती आतल्या खोलीतून ओरडून सांगायची की आता लसूण घाल. शेजारच्या खोलीत पद्माक्का विड्या वळायची. ती तेलुगू घरातली, सातवीपर्यंत शिकलेली, बोळातल्या सगळ्यांची पत्रं लिहून देणारी आणि वाचून दाखवणारी. तिची पानं कापायची कात्री दिवसभर चालायची. कात्री थांबली की समजायचं, पद्माक्काला काहीतरी बोलायचंय.

मी सोलापुरात केटरिंगच्या पदवीला होतो. आमच्या घरात दहावी झालेला मी पहिला आणि कॉलेजात गेलेला तर वस्तीवरचाच पहिला. माझ्या वाटची मेंढरं माझा धाकटा भाऊ सिद्धू राखत होता, त्यानं सातवीत शाळा सोडली ती त्यासाठीच. हे कुणी मला बोलून दाखवत नसे, पण मी विसरतही नसे. माझं शिक्षण मराठीतून झालेलं, कॉलेजातलं सगळं इंग्रजीत. मी शब्द देवनागरीत उतरवून घ्यायचो आणि घरी येऊन मोठ्यानं पाठ करायचो. शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या चिठ्ठ्या महिनाभर आधी काढल्या. मला चिठ्ठी आली, मॅकरोनी आणि चीज. नियम असा होता की मूळ पदार्थ करून दाखवायचा, त्यात स्वतःच्या मनानं एक भर घालायची, आणि सामान ज्याचं त्यानं आणायचं. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलानं मला शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, पण या परीक्षेत पास झालो तरच. नापास झालो असतो तर आणखी एक वर्ष सोलापुरात आणि सिद्धूचं आणखी एक वर्ष माळावर, एवढं साधं गणित होतं.

म्हणून मी घरी सराव सुरू केला. मॅकरोनी तेव्हा किराणा दुकानात पोत्यातून सुटी मिळायची. पहिल्या रविवारी मी स्टोव्हवर पातेलं ठेवलं आणि लोण्यात मैदा परतायला लागलो, तशी आत्ती मागं येऊन उभी राहिली.

"काय करतोयस रं?"

"बेशामेल."

"काय? बेशरम?"

"बेशामेल, आत्ती. पांढरा रस्सा असतो तो. लोणी, मैदा आणि दूध."

तिनं वाकून पातेल्यात बघितलं. "दुधातलं पिठलंच की हे. आन् ह्याला एवढं विंग्रजी नाव?"

नाव इंग्रजी नव्हतं, फ्रेंच होतं, पण ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. आणि ती म्हणाली ते खरंच होतं. कॉलेजात माझ्या बेशामेलमध्ये कायम गुठळ्या व्हायच्या. आत्तीनं पळी माझ्या हातातून घेतली, दूध बारीक धारेनं सोडलं, आणि "हात थांबवू नगंस, पिठल्याला काय आन् ह्याला काय," म्हणत पळी एकाच दिशेनं फिरवत राहिली. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या रश्शात गुठळी झालेली नाही. पुढं मी ज्यांना शिकवलं त्यांनाही मी आधी पिठलं करायला लावलं आणि मग बेशामेल.

पद्माक्कानं शिजलेल्या मॅकरोनीची एक नळी उचलून उजेडासमोर धरली. "अय्यो बिरू, ह्यात तंबाखू भर की. वरनं दोरा बांदला की पाकीट तयार!"

"मदी भोक कशाला ठिवलंय पर?" आत्तीचा प्रश्न.

"रस आत जावा म्हणून."

"मग गेला का न्हाय ते कोण बघणार हाय आत वाकून?"

चीज तेव्हा घरी नव्हतंच. ते गोल डब्यात मिळायचं, गावातल्या एकाच बेकरीत, आणि तेही पुण्याहून गाडी आली तर. त्यामुळे सरावाची मॅकरोनी बिनचीजची असायची आणि सगळा खल चालायचा तो भर काय घालायची यावर. एका रविवारी मेथी घातली. ती नुसती घातली तर कडू लागली, पण लसणीवर कोरडी परतून घातली तेव्हा आत्तीनं दुसऱ्यांदा वाढून घेतली. एकदा वांगं भाजून, कुस्करून घातलं. रंग राखेसारखा झाला, पण चव अशी की पद्माक्काची कात्री अर्धा तास बंद होती. तिसऱ्या रविवारी पद्माक्का म्हणाली, आमच्यात असं करतात, आणि मी नको म्हणायच्या आत तिनं चिंचेचा कोळ आणि कढीपत्ता उकळत्या रश्शात ओतला. रस्सा डोळ्यांदेखत फुटला. पांढरे कण एकीकडं, पाणी एकीकडं.

"रुसलं," आत्ती हळूच म्हणाली. आमच्या घराण्यात दूध फाटलं, नासलं असं कुणी म्हणत नाही. दूध रुसलं, असं म्हणतात. ती उठली, हात धुतले, अंगणात गेली आणि चंद्रीच्या कासेला हात लावून बराच वेळ बसून राहिली. मला हसू आलं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मॅकरोनीत काय घालावं याबद्दल माझी मतं आता पक्की आहेत आणि ती मी कुणालाही बेधडक सांगतो. पुढं तीस वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत घालवल्यावर तेवढा हक्क आहे माझा. लसणीवर परतलेली मेथी, पण मूठभरच. भाजलेलं वांगं, त्याला सोबत फक्त मिरी. थंडीत कोवळा हुरडा मिळाला तर तो वाफवून, दाताखाली यावा असा. हरभऱ्याची वाळवलेली भाजी चुरून घातली तर जी आंबूस खारट चव येते ती कुठल्याही परदेशी डब्यात नाही. मटार घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण फारशी मैत्रीही नाही. आणि टोमॅटो केचप ओतणाऱ्याच्या ताटाकडं मी बघत नाही. आता तर सोलापुरात पाणीपुरीवरही चीज किसतात. बघून बरंच वाटतं, पण हात आखडता ठेवा असं सांगावंसं वाटतं. सगळ्यात माझी आवडती भर मात्र ज्या सकाळी सापडली तिच्याकडेच मी चाललो आहे.

परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा बेकरीत चीजचे डबे आले. मी एक आणला आणि एकदा पूर्ण पदार्थ करून बघावा म्हणून थोडं चीज त्यातून काढलं. मॅकरोनी छान झाली. आत्तीनं मागून घेतली. खाता खाता म्हणाली, "हे पिवळं कशाचं असतंय?"

"दुधाचं."

"आमी जनमभर दूध बघितलं, पिवळं कवा झालं न्हाय. कसं करत्यात?"

मला भलताच अभिमान वाटला. मी पुस्तक काढलं आणि वाचून वाचून मराठीत सांगायला लागलो. दुधात अमुक घालायचं, ते फाडायचं, पाणी काढून टाकायचं, उरलेला गोळा दाबून ठेवायचा.

आत्तीचा घास हातातच राहिला. "मुद्दाम?"

"व्हय."

"चांगलं दूध? रुसलेलं न्हाय?"

"चांगलं. कारखान्यात. रोज."

तिनं ताट बाजूला सारलं. रागानं नाही, हळूच. मग म्हणाली, "बिरू, ते डबं घरात ठिवू नगंस."

आणि मग तिनं जे सांगितलं ते वडिलांनाही ठाऊक नव्हतं. लग्न होऊन सासरी गेली त्या पहिल्याच वर्षी तिनं चिंच कोळलेलं पातेलं नीट न घासता त्यात दूध तापवलं. दूध रुसलं. आठ दिवसांच्या आत सासरच्या तीन शेळ्यांच्या कासा सुजून दगडासारख्या झाल्या, दुधाऐवजी रक्त यायला लागलं, आणि तिन्ही आटल्या. सासूनं वस्तीभर सांगितलं, सुनेनं मुद्दाम दूध फाडलं. "मी न्हाय म्हणत ऱ्हायले," आत्ती म्हणाली, "पर माझं मलाच कळंना झालं, मुद्दाम केलं का काय. तवापासनं दुधाच्या भांड्याला मी दोनदा हुंगून बगती."

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होतो. जनावराच्या कासेची सूज कशानं येते हे मला माहीत होतं आणि मी ते तिला सांगितलंही, जंतू वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असंल की. पर चंद्री माजी एकटीच हाय." मी पुस्तक मिटलं.

परीक्षेला तिचा विरोध नव्हता. फक्त डबा चंद्रीच्या घरात नको. मी तो ओल्या फडक्यात गुंडाळून बोळातल्या बाहेरच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवला, मांजरासाठी पुढं वीट लावली, आणि सकाळ-संध्याकाळ फडकं भिजवत राहिलो. एप्रिल महिना होता. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गुरुवारी मी दिवसभर कॉलेजात होतो. संध्याकाळी येऊन बघतो तर फडकं पापडासारखं वाळलेलं, चीजमधून तेल गळून भिंतीवर ओघळलेलं, वर हिरवे-काळे ठिपके आणि मुंग्यांची रांग. परीक्षा शनिवारी. बेकरीत धावलो. दुकानदार भला माणूस होता, रिकामं फडताळ उघडून दाखवत म्हणाला, "सोमवारी गाडी येईल बघ." वर्गातल्या दोघांच्या घरी गेलो, त्यांनाही चीजचेच पदार्थ आले होते आणि त्यांच्याकडं त्यांच्यापुरतंच होतं. एकानं अंगठ्याएवढा तुकडा देऊ केला. मी नको म्हणालो, त्याचा पदार्थ बिघडला असता.

घरी येऊन पायरीवर बसलो आणि पद्माक्काला सगळं सांगितलं. आत आत्ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही. जेवताना मात्र तिनं विचारलं, "ते न्हाय घातलं तर?"

"तर तो पदार्थच नाही, आत्ती. नापास."

"आन् सिद्धू?"

तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी मोडून टाकली आणि विषय तिथंच संपला, असं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी भाकरी थापण्याचा आवाज आला नाही, म्हणून जाग आली. बाहेर येऊन बघतो तर आत्ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून चंद्रीपाशी बसली होती. चंद्रीच्या कपाळाला हळद. सकाळचं सगळं दूध पातेल्यात, पातेलं चुलीवर, आणि शेजारी पाटावर चिरलेली दोन लिंबं.

"पुस्तक आण," ती म्हणाली. "आन् वाच. मदी काय सोडू नगंस."

मी वाचायला लागलो. दूध वर आलं. मी म्हणालो, "आत्ती, लिंबू मी पिळतो."

"तू न्हाय." तिनं माझा हात चक्क झटकला. "तुज्या हातानं न्हाय. तुला आजून संसार करायचाय." मग ती उठून पुन्हा चंद्रीकडं गेली, कासेखाली तळहात धरला आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "हे बग, हे माजं काम हाय. पोराचं न्हाय, तुजं बी न्हाय. राग धरायचा तर माज्यावर धर. मागच्या टायमाला मी मुद्दाम केलं नव्हतं. आज करती हाय."

तिनं लिंबू पिळलं. दूध क्षणभर काहीच झालं नाही असं दिसलं आणि मग एकदम उलगडलं. पांढरे गोळे वर आले, खाली हिरवट पाणी. पद्माक्का दारात येऊन उभी होती. आत्तीनं आपल्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यातून ते गाळलं, मीठ लावलं, पुरचुंडी बांधली आणि तिच्यावर पाटा ठेवला. मी पुस्तकातलं पुढचं वाक्य वाचलं, "पाणी फेकून द्यावं."

"का?" आत्ती म्हणाली.

"तसं लिहिलंय."

"लिवणाऱ्याकडं शेळी नसंल." तिनं ते कोमट पाणी काटवटीत ओतलं, त्यात ज्वारीचं पीठ घेतलं आणि मळायला बसली. एकच भाकरी केली, बोटभर जाड, आणि दिवसभर धगीला लावून अशी वाळवली की टिचकी मारल्यावर ती पितळेसारखी वाजली. "दुधातलं काय बी बाहीर गेलं न्हाय पायजे," ती म्हणाली. "भाऊ भाऊ येगळं निगत्यात, म्हणून काय घर फाटलं म्हणायचं? हे फाडलं न्हाय म्या. येगळं केलं."

आमच्या बोलीत अपघातानं फुटलेल्या दुधाला शब्द होता. मुद्दाम फोडलेल्या दुधाला नव्हता, कारण तसं कुणी करतच नव्हतं. तो शब्द त्या दिवशी आत्तीनं केला.

शनिवारी मी ती पुरचुंडी, भाकरी आणि शेंगा चटणीची वाटी घेऊन परीक्षेला गेलो. माझ्या जागी उभा राहिलो आणि आधी लोणी तापत ठेवलं. रस्सा गुठळीशिवाय झाला. चीज किसून घातलं. रात्रभर चिंधीत, ओल्या मडक्यात राहून त्याला थोडी आंबूस चव आली होती, ती बरीच झाली. पण ते वितळेना. मी आच कमी केली, हात थांबवला नाही, तरी ते रवाळच राहिलं. चव सपक वाटली म्हणून रश्शात दोन चमचे शेंगा चटणी घातली, मॅकरोनी मिसळली, आणि वर ती भाकरी भरड चुरून, लोणी शिंपडून भट्टीत ठेवली. बाहेर काढली तेव्हा वरचा थर खरपूस झाला होता आणि आख्ख्या प्रयोगशाळेत आमच्या अंगणाचा वास सुटला होता.

परीक्षक बाई पुण्याहून आल्या होत्या, गळ्यात साखळीचा चष्मा. त्यांनी एक चमचा खाल्ला.

"चीज कुठलं हे?"

"घरचं, मॅडम. शेळीच्या दुधाचं."

"म्हणजे घरी दूध फाडून?"

"नाही मॅडम. वेगळं करून."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडं बघितलं. "त्यात फरक काय?"

"पाणीही यातच आहे, मॅडम. वरच्या भाकरीत."

त्यांनी कागदावर लिहिलं आणि मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चीज वितळलेलं नाही. त्याचे गुण जातील."

"हो, मॅडम."

मग त्यांनी दुसरा चमचा घेतला, वरच्या थरासकट, आणि तो त्यांच्या दातांखाली वाजला. नंतर त्यांनी काट्यानं एक नळी बाजूला काढली, मधोमध कापली आणि वाकून आत बघितलं. रस आत गेला होता, चटणीचा लाल ठिपकाही गेला होता. मला हसू आवरेना. आत्तीला सांगायला हवं होतं की आत वाकून बघणारं माणूस असतं. बाईंनी तिसरा चमचा खाल्ला. मागं उभ्या असलेल्या आमच्या सरांनी मला डोळ्यांनीच खूण केली की झालं. चीजचे गुण गेले, भरीचे पूर्ण मिळाले, आणि मी पास झालो.

नाव पदार्थाचं असं आहे की लोकांना विनोद सुचतोच. कष्टाचं चीज झालं म्हणायचं! समारंभात मला हे दरवेळी कुणीतरी ऐकवतं. मी हसतो. पण माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा चंद्रीची कास असते. कारण पास झालो म्हणून गोष्ट संपली नव्हती. आत्तीच्या हिशेबानं आठ दिवस जायचे होते, आणि पुण्याला रुजू व्हायचं होतं चौथ्या दिवशी. ते चार दिवस आम्ही दोघं उठल्यावर आधी चंद्रीकडं जायचो. मी, जंतूंचं शास्त्र शिकलेला पदवीधर, सकाळ-संध्याकाळ शेळीची कास चाचपत होतो. चौथ्या दिवशी स्टँडवर आत्ती म्हणाली, "जा. कासेचं मी बगती." एवढंच.

पुण्यात दहाव्या दिवशी पद्माक्काच्या अक्षरातलं कार्ड आलं. "चंद्री दूध देती. कास मऊ हाय. तू वेळेवर जेव." मी ते कार्ड हॉटेलच्या स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या टाकीपाशी उभा राहून वाचलं, आणि शेजारच्या माणसानं विचारलं, घरी कुणी आजारी होतं का? मी म्हणालो, होतं, आता बरं आहे.

त्याच दिवशी मी जे पत्र लिहिलं ते आत्तीनं शेवटपर्यंत पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. आता ते माझ्याकडं आहे. घड्यांत ज्वारीचं पीठ आहे, ते मी झटकलेलं नाही.

"तीर्थस्वरूप आत्तीस, बिरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

कार्ड मिळालं. आज दोन वेळा जेवलो.

इथं माझं काम सकाळी सहाला सुरू होतं. पहिलं काम पनीरचं. कमरेएवढ्या पातेल्यात दूध तापवतात आणि फाडतात. फाडतात हा शब्द इथला आहे, मी मनात वेगळं करतो असं म्हणतो. पहिल्या दिवशी माझ्या हातात लिंबूसत दिलं तेव्हा मला तुझी आठवण आली. तू मला म्हणाली होतीस, 'तुज्या हातानं न्हाय.' पण आत्ती, आता हे माझं काम आहे आणि ते माझ्याच हातानं व्हायला पाहिजे. कुठल्या जनावराचं दूध आहे ते मला माहीत नाही, म्हणून मी पातेल्याला हात लावतो आणि म्हणतो, राग धरायचा तर माझ्यावर धरा. मुख्य आचारी विचारत होते, काय पुटपुटतोस? मी म्हणालो, आमच्यात असं करतात.

ते पाणी इथं मोरीत ओततात. मी काल विचारलं, यात पीठ मळू का? आधी हसले. मग एक परात दिली. आज कामगारांच्या जेवणाच्या पोळ्या त्या पाण्यात मळल्या. मऊ झाल्या. उद्यापासून रोज मळायच्या असं ठरलं आहे.

सिद्धूला सांग, जूनमध्ये शाळेत नाव घालायचं. मेंढरांचं काय ते मी अण्णांशी बोलतो.

तू सासरी दूध मुद्दाम फाडलं नव्हतंस. एकदा मुद्दाम केलंस, त्याचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलं. आता भांडं एकदाच हुंगत जा.

पद्माक्का, हे वाचून झालं की 'मुद्दाम फाडलं नव्हतंस' ही वरची ओळ अंगणात जाऊन मोठ्यानं वाचा, चंद्रीला ऐकू जाईल अशी.

तुझा,
बिरू"